शिवेच्या आत

१

मोजण्यात मी चुकत नाही. एकतीस वर्षं थॅक्समच्या शाळेत शिकवलं. सहलीला नेलेली पोरं मोजून नेली आणि मोजून परत आणली. नव्या वर्गाला पहिल्याच दिवशी सांगायची, "मोजताना सगळ्यात सोपी चूक कुठली? स्वतःला विसरणं. आधी म्हणायचं, एक मी. मग बाकीचे."

निवृत्त झाल्यावर सेंट ओस्विन चर्चची मी कारभारीण झाले, तेव्हा रविवारची शिरगणती आपसूक माझ्याकडे आली. पहिलं गीत संपून माणसं बसली, की दोन्ही कारभाऱ्यांनी मागच्या बाकावरून डोकी मोजायची आणि उपासना झाल्यावर आतल्या खोलीतल्या वहीत आकडा टाकायचा, अशी आमच्याकडे जुनी पद्धत आहे. पाद्री धरायचे नाहीत. दुसरा कारभारी क्लाइव्ह ऑट्रिज. जन्मभर त्याने बस चालवली. आता गुलाब लावतो आणि शिळे विनोद सांगतो.

जूनच्या पहिल्या रविवारी मी मोजलं. एक मी, दोन क्लाइव्ह, आणि असं करत शेवटी अठरा.

वहीत अठरा लिहिलं. लिहिता लिहिता नावं आठवून बघितली, ती माझी सवयच आहे. बेकर बहिणी तीन. डॉक्टर आणि त्यांची बायको. वरच्या शेतावरचं पाच जणांचं कुटुंब. क्लाइव्ह, त्याची बायको पामेला... नावं भरली सतरा.

"क्लाइव्ह, तुझे किती झाले?"

"अठरा. का गं?"

"नावं सतराच होतायत."

"वय झालं, मुरिएल," तो हसला. "उद्या माझंही नाव विसरशील. म्हणजे बरंच होईल म्हणा, नाताळात मला केक द्यायला नको."

मी पुन्हा नावं मोजली. सतरा. पाहुणं कुणी आलं असतं तर कळलं नसतं का? आमच्याकडे रविवारी नवखं माणूस आलं, तर दारातच तिघं जण त्याची वंशावळ विचारतात.

असेल काहीतरी, म्हटलं, आणि वही मिटली.

२

आता थोडं मागचं सांगायला हवं, कारण सगळं माझ्यापासूनच सुरू झालं.

मी थॅक्समची नाही. लग्न होऊन आले, एकोणीसशे पंचेचाळीस साली, इथून बावीस मैलांवरच्या गावातून. एक्केचाळीस वर्षं झाली त्याला. इथल्या दोन पिढ्यांना मी अक्षर शिकवलं, पण दुकानात कुणी विचारलं की ही कोण, तर उत्तर ठरलेलं: "लायोनेलची बायको. बाहेरची आहे." लायोनेल मात्र अस्सल इथला. टपाल कचेरी त्याची, त्याच्या बापाची, आज्याची. मी चिडले की तो म्हणायचा, "अगं मुरिएल, आपल्या चर्चच्या मातीत गेलीस की होशील गावातली. इथे तोच एक रस्ता आहे."

चार वर्षांपूर्वी तो त्या रस्त्याने पुढे गेला. दफनभूमीत तेव्हा दोनच जागा उरल्या होत्या, यू नावाच्या झाडाच्या बाजूला. एकीत लायोनेल आहे. त्याच्या डाव्या हाताची माझी. नकाशात त्या चौकोनात मु. वे. अशी अक्षरं आहेत, मुरिएल वेस्कॉट. माझ्यानंतर थॅक्समच्या सगळ्यांना मार्शबरीच्या मोठ्या कबरस्तानात जावं लागणार, जिथे बस थांबते आणि समोर टायरचं दुकान आहे. मला सोनं नको, नाणं नको. ती सहा फूट जागा हवी. त्याच्या शेजारी. एवढंच मागणं आहे माझं आणि ते मी कधी लपवलेलं नाही.

तर, चर्चला आठशे वर्षं होणार म्हणून गावाचा इतिहास लिहायचं ठरलं. लिहिणार कोण? बाहेरचीच. गावातल्यांना इतिहास तोंडपाठ असतो, म्हणून ते लिहीत नाहीत. मी जिल्ह्याच्या दप्तरखान्यात हिवाळाभर बसले आणि तिथे मला पॅरिशचा, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीचा, दीडशे वर्षांपूर्वीचा नकाशा सापडला. त्यात आमची शीव उत्तरेला 'तिकोना'च्या पलीकडून जात होती.

तिकोन म्हणजे टेकडीखालचा पाऊण एकराचा खळगा. तिन्ही बाजूंनी काटेरी झुडपं, मधे पांढऱ्या मातीवर नुसतं गवत. कुणी तिथे मेंढ्या सोडत नाही. मे महिन्यात शिवेची फेरी निघते, गाव हातात विलोच्या काठ्या घेऊन शिवेवरून चालतं. प्रत्येक धोंड्याशी थांबायचं, आत उभं राहून काठीने धोंडा ठोकायचा आणि सगळ्यांनी म्हणायचं, "इथपर्यंत आपलं." ही फेरी तिकोनापाशी आली की गावाकडच्या वाटेने वळसा घालते. तिकोन बाहेर राहतो. का, ते कुणालाच माहीत नाही.

"म्हणजे आपण पिढ्यान्‌पिढ्या चुकीचं चालतोय," मी सभेत सांगितलं आणि नकाशा टेबलावर पसरला. खरं सांगते, मला त्या वेळी फार गंमत वाटली. गावाची शीव गावाला बाहेरचीने दाखवावी!

फक्त डेन्झिल प्राऊट बोलला. डेन्झिल आमचा कबरी खणणारा. त्याचा बाप तेच करायचा, आजाही. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, आणि प्रौढांच्या संध्याकाळच्या वर्गात माझ्याकडे वाचायला शिकलेला, म्हणून मला अजून बाई म्हणतो.

"नकाशा काढणारा घोड्यावर होता, बाई," तो म्हणाला. "आमचा आजा पायी होता. पायी चालणाऱ्याला जास्त कळतं."

"काय कळतं? सांग ना, लिहिते पुस्तकात."

"कळतं की वळसा घालायचा."

सगळे हसले. मीही हसले.

३

फेरीच्या दिवशी ऊन छान होतं. झुडपं पांढऱ्या फुलांनी भरली होती, माझ्या पिशवीत शहाजिऱ्याचा केक होता, आणि पाद्री, रेव्हरंड गारलँड, उंच बूट घालून उत्साहात पुढे. त्यांच्याकडे पाच गावं आहेत, त्यामुळे प्रत्येक गावात ते घाईत आणि आनंदात असतात.

तिकोनाच्या तोंडाशी डेन्झिल थांबला.

"मी वाटेवरून येतो," म्हणाला.

आम्ही खळग्यातून पार गेलो, पलीकडच्या धोंड्याशी उभे राहिलो आणि ठोकलं. बाकी धोंड्यांवर काठी पडली की टचकन आवाज येतो. इथे आवाज पोकळ आला. आतून रिकाम्या कपाटावर ठोकल्यासारखा. "इथपर्यंत आपलं!" मी सगळ्यांत मोठ्याने म्हटलं.

रेव्हरंड गारलँड खुशीत होते. त्यांनी पुढे आपलं एक वाक्य जोडलं, नेहमीच्या विधीत नसलेलं. "आणि या शिवेच्या आत जे जे कुणी आहे, ते सगळं आजपासून आपलं. त्यांना आपल्या चर्चचं दार उघडं आहे."

"आमेन," आम्ही म्हणालो.

वळून बघितलं तर डेन्झिल पलीकडच्या वाटेवर टोपी काढून उभा होता. बाजूने जाताना मी टोमणा मारला, "काय रे, ऊन लागलं का?"

"नव्या शेजाऱ्याला टोपी काढतात, बाई," तो म्हणाला आणि टोपी घालून चालायला लागला.

केक मी चौदा जणांसाठी चौदा तुकडे कापून नेला होता. मला मिळाला नाही. कुणीतरी दोन घेतले असतील, असं तेव्हा मनात आलं, आणि पामेलाचाच संशय आला.

४

जून गेला, जुलै गेला. डोकी अठरा, नावं सतरा.

मी सगळं करून पाहिलं. चष्म्याचा नंबर तपासला. खांबावरच्या दगडी देवदूताचं डोकं मोजते की काय म्हणून त्याच्यावर फडकं टाकलं. उजवीकडून मोजलं, डावीकडून मोजलं, ओळीने मोजलं. बोट फिरवत गेलं की अठरा. नाव घेत गेलं की सतरा. आणि अठरावं डोकं नेमकं कुठलं, ते पाहायला नजर मागे नेली, की प्रत्येक डोक्याला नाव असायचं.

क्लाइव्ह म्हणायचा, "वाढतायत ना माणसं? बिशप खूश आहेत. तू कशाला रडतेस?"

प्रभुभोजनात हातावर देतात त्या भाकरीच्या चकत्या पाद्रींसाठी मीच मोजून ठेवते. नावांप्रमाणे सतरा ठेवल्या, तर शेवटची बेकर बहीण हात पसरून तशीच राहिली. पुढच्या आठवड्यात अठरा ठेवल्या, तर एकही उरली नाही. उंदीर खातात, असं मी पाद्रींना सांगितलं. स्वतःलाही तेच सांगितलं. पण रेव्हरंड गारलँडच्या हातातली चकती उंदीर कशी खाईल?

ऑगस्टमध्ये उशी दिसली. गुडघे टेकायच्या उश्या आमच्या बायकांनी भरतकाम करून केल्यात, प्रत्येक बाकासमोर आकड्याला टांगलेल्या असतात. उत्तरेकडच्या खिडकीखालचा मागचा बाक रिकामा असतो. तिथे गारठा असतो, तिथे कुणी बसत नाही. तिथली उशी मीच भरलेली, हिरव्या जमिनीवर लायोनेलसाठी टपालाचं शिंग, जुने टपालवाले वाजवायचे ते. ती खाली जमिनीवर होती. तिच्यात दोन खळगे पडले होते. माणूस नुकतंच उठलं की पडतात तसे, पण बाजूबाजूला नाहीत. एक पुढे आणि एक मागे, आणि दोन्हीत ओली पांढरी माती.

मी ती झटकली, घासली, आकड्याला लावली. पुढच्या रविवारी ती पुन्हा खाली होती. या वेळी खळगे शेजारी शेजारी होते. म्हणजे कुणीतरी नीट गुडघे टेकायला शिकत होतं.

मी तिथेच बाकावर बसले आणि मोठ्याने म्हणाले, "मुरिएल वेस्कॉट, मूर्खपणा पुरे." माझ्या आवाजाचा चर्चमध्ये प्रतिध्वनी येतो हे मला माहीत आहे. या वेळी तो जरा उशिरा आला, एवढंच.

५

मग मी ठरवलं की शेजारीच जाऊन बसायचं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. जे आहे ते दिसलं पाहिजे, मोजता आलं पाहिजे, नाहीतर ते नाही.

दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी तीन वाजता छोटी प्रार्थना असते. त्या दिवशी माणसं सहा होती. खिडक्यांतून चांगलं लख्ख ऊन येत होतं. मी उत्तरेच्या बाकावर एका टोकाला बसले. शेजारी कुणी नव्हतं, मी हाताने चाचपून बघितलं.

"गुडघे टेकू या," रेव्हरंड गारलँड म्हणाले.

मी टेकले, हात जोडून डोळे मिटले. आणि शेजारची उशी दबली. भुश्शाने भरलेली उशी दबताना उसासा टाकते, तो आवाज मला पाठ आहे. इतकी वर्षं ऐकतेय. आवाज जड होता, दबत गेला, दबत गेला, आणि थांबला. वर्गातल्या ओल्या फळ्यासारखा खडूचा वास आला.

प्रार्थना संपली. सगळे म्हणाले, "आमेन." शेजारून अर्ध्या श्वासाने मागाहून आलं, "मेन."

पळावंसं वाटत होतं. मी बोटांच्या फटीतून बघितलं. पुढच्या कठड्यावर एक हात होता. मनगटाच्या वर पाहायचं मला धाडस झालं नाही, म्हणून फक्त हात सांगते. पांढरट, ओला, नखांत माती. बोटं एकमेकांत गुंतवायचा प्रयत्न चालला होता आणि जमत नव्हतं. तो हात माझ्या हाताकडे बघत होता. हात बघतो कसा, ते मला विचारू नका. मी माझी बोटं दाबली, की त्याने दाबली. माझ्या डाव्या हाताची करंगळी वाकडी आहे, सात वर्षांची असताना फाटकात चिरडली होती. त्या हाताची करंगळी आधी सरळ होती. मग ती हळूहळू वाकली.

"मुरिएल, बरं वाटत नाहीये का?" रेव्हरंड गारलँड माझ्या खांद्याला हात लावून उभे होते. प्रार्थना केव्हाच संपली होती. उशी खाली होती आणि बाक रिकामा.

"तुमच्याच जागेवर बसत जा बाई," ते हसून म्हणाले. "इथे फार गारठा आहे."

६

डेन्झिल यू झाडाखाली गवत कापत होता. माझा चेहरा बघून त्याने विळा खाली ठेवला.

"बसा, बाई."

"मला खरं सांग. तिकोनात काय आहे?"

"मी कधी गेलो नाही."

"तुझा आजा काय म्हणायचा?"

"आजा कमी बोलायचा." त्याने थर्मासमधला चहा झाकणात ओतून माझ्या हातात दिला. "एवढंच म्हणायचा, पॅरिशच्या माणसाचा तीन गोष्टींवर हक्क. बसायला बाक, पाद्रीचा आशीर्वाद, आणि शेवटी सहा फूट जमीन. शिवेबाहेरच्याला यातलं काही नाही, मग तो कितीही थांबला तरी."

"बरं मग?"

"मग काय. बाक मिळालाय ना त्याला? आशीर्वाद तर तुम्ही मे महिन्यातच देवविलात."

आम्ही दोघं एकाच जागेकडे बघत होतो. लायोनेलच्या डाव्या हाताचा हिरवा पट्टा. अख्ख्या आवारात तेवढीच जमीन शिल्लक.

"ती माझी आहे," मी म्हणाले. "नकाशात माझं नाव आहे."

"आहे की. मी रोज बघतो. कालपासून तिथलं गवत आपोआप दबून बसतंय, बाई. माझ्या विळ्याने नाही."

मी रडले. एवढी मोठी मास्तरीण, त्याच्यासमोर ओक्साबोक्शी रडले. लायोनेलच्या शेजारी ते? रात्रंदिवस, कायमचं? आणि मी टायरच्या दुकानासमोर?

रेव्हरंड गारलँडकडे गेले. म्हटलं, शीव पुन्हा चालू या, जुन्या वाटेने. ते हसले, पण प्रेमानेच. "मुरिएल, तुम्हीच तर सिद्ध केलंत! पुस्तिका छापून झाली, दोनशे प्रती. नकाशा पहिल्याच पानावर आहे. आता पुढच्या मे महिन्यात बघू." मे महिन्याला आठ महिने होते. त्या गवताकडे बघून मला वाटत नव्हतं की आपल्याकडे आठ दिवससुद्धा आहेत.

दुसऱ्याच दिवशी दुपारचं जेवण आटोपून मी विलोची काठी घेतली आणि एकटी निघाले.

७

एकाहत्तर वर्षांच्या बाईला सात मैल म्हणजे काही कमी नाही. प्रत्येक धोंड्याशी थांबले, ठोकलं, म्हटलं, "इथपर्यंत आपलं." एकटीच्या तोंडून ते फार बारीक ऐकू येतं. पण नेमाने केलं. सगळी शीव, एकही धोंडा न गाळता.

तिकोनापाशी पोचले तेव्हा चार वाजले होते. इथेच खरं काम. गावाकडच्या वाटेवरचा जुना धोंडा ठोकायचा, म्हणजे तिकोन पुन्हा बाहेर. पण मे महिन्यापासून त्या वाटेने कुणी गेलं नव्हतं. कमरेएवढं रान माजलं होतं, आणि सगळं अंगाला आग लावणाऱ्या खाजऱ्या पानांचं. मी काठीने बाजूला सारून पाहिलं, हात पोळले, स्कर्टमधून पायही पोळले. धोंड्यापर्यंत जाता येईना.

खळग्याच्या बाजूने मात्र जागा स्वच्छ होती. गवत आखूड, मऊ, कुणी झाडून ठेवल्यासारखं. चार पावलं आत उतरलं की धोंडा हाताशी.

मी उतरले. फार वेळ थांबायचं नव्हतं. मागे काय आहे ते बघायचं नव्हतं. धोंड्याला तोंड करून तीनदा काठी मारली. आवाज टचकन आला, चांगला, भरीव. "इथपर्यंत आपलं!" मी ओरडले. "इथपर्यंतच!"

काहीही झालं नाही. वारा होता, दूर ट्रॅक्टर चालला होता. पायाखाली जमीन जरा मऊ वाटली, बस. झुडपातून वर आले आणि उरलेली शीव पुरी करून उजेड असतानाच घरी पोचले. पाय गरम पाण्यात सोडून बसले आणि लायोनेलच्या फोटोला म्हटलं, "झालं हो."

त्या रात्री मी कित्येक आठवड्यांनी गाढ झोपले.

८

रविवारी पहिलं गीत संपलं, माणसं बसली. मी मोजलं. पंधरा, सोळा, सतरा.

सतरा! पुन्हा मोजलं. सतराच. उत्तरेचा बाक माझ्या नजरेला रिकामा दिसत होता. देवा, तुझे उपकार, मी मनात म्हटलं, आणि पुढचं गीत इतक्या मोठ्याने म्हटलं की एरवी बेकर बहिणी वळून बघत्या. त्या दिवशी वळल्या नाहीत.

प्रभुभोजनाला मी कठड्याशी गुडघे टेकून हात पसरले. रेव्हरंड गारलँड पुढे सरकले. माझ्या हातावर काही आलं नाही. पाच गावांचा माणूस, घाईत असेल. नंतर मागच्या टेबलावर चहा झाला. पामेलाने माझ्या डोक्यावरून कप पलीकडे दिला. ती तशी शिष्टच आहे, मी मनावर घेतलं नाही.

आतल्या खोलीत क्लाइव्ह वही उघडून बसला होता.

"सतरा ना?" मी म्हटलं. "माझेही सतरा! बघ, सांगत होते की नाही?"

"सतरा," क्लाइव्ह स्वतःशीच पुटपुटला आणि आकडा लिहिला. मग दाराकडे बघून म्हणाला, "मुरिएल, यंदाचा नाताळचा केक विसरू नकोस हं."

मी दाराकडे पाठ करून उभी होते. तो माझ्या मागे बघत होता.

तेव्हा मी नावं घेतली. बेकर बहिणी तीन. डॉक्टर, त्यांची बायको. वरच्या शेतावरची पाच. क्लाइव्ह, पामेला, उरलेली चार. सोळा. सोळा नावं, सतरा डोकी. मी मोजायला सुरुवात केली होती ती क्लाइव्हपासून. एक क्लाइव्ह. एकतीस वर्षं पोरांना शिकवलेला धडा, आणि त्या आनंदात मी स्वतःला धरलंच नव्हतं. क्लाइव्हनेही नाही.

मी मागे वळले नाही. बाजूच्या दाराने बाहेर पळाले.

बाहेर दुपारचं ऊन होतं. यू झाडाखाली लायोनेलच्या डाव्या हाताला हिरवा पट्टा नव्हता. मातीचा लांबट उंचवटा होता, वर पांढऱ्या मातीची ढेकळं, आणि डोक्याशी माझी हिरवी उशी, टपालाच्या शिंगाची. बाजूला डेन्झिल फावड्यावर हात ठेवून उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी माझ्याकडे बघितलेला तो पहिला माणूस. मग हळूच त्याने टोपी काढली.

"डेन्झिल," मी म्हणाले, "मी शीव चालून आले. सगळी. जुन्या वाटेने. धोंडा ठोकला."

"ठाऊक आहे, बाई. आवाज आला गावात. ठोकताना कुठल्या बाजूला उभ्या होतात?"

मला आठवलं. आखूड मऊ गवत. धोंड्याला तोंड, तोंड गावाकडे.

"वाटेवर रान माजलं होतं रे," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू येईना. "चारच पावलं उतरले होते."

त्याने मान हलवली. तो रागावला नव्हता. मला वाटतं, त्याला खरंच वाईट वाटत होतं. त्याने एक ढेकूळ फावड्याने नीट बसवलं.

"आत माझ्या नावाने उभं आहे आणि इथे माझी जागाही घेतली. कोण आहे ते?" मी विचारलं. "माझ्या लायोनेलच्या शेजारी कोण आहे, डेन्झिल?"

डेन्झिलने टोपी घातली, फावडं खांद्यावर घेतलं आणि मी उभी होते तिथून आरपार, फाटकाकडे बघितलं.

"गावातलंच आहे कुणीतरी," तो म्हणाला.